कादंबरी लिहितोय : नवरा विहिरीत, बायको ओसरीवर, आणि तपास सुतकातल्या दिवसांचा

तेरणाकाठ (धागाकर्ता)

रामराम मंडळी. बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळणारी एक विनोदी रहस्यकथा लिहायला घेतली आहे. कथानक इथं टाकतो. पोलीस, महसूल, दवाखाना यातली जाणती माणसं इथं आहेत, तेव्हा कुठं गडबड असेल तर बिनधास्त कान धरा.

गाव औसा तालुक्यातलं, तेरणेकाठचं. दिवस येळवशीचा, म्हणजे वेळा अमावस्येचा. सगळं गाव रानात. कडब्याची कोप, आत चुना-काव लावलेले दगडाचे पांडव, आंबिलीचं मडकं, भज्जी, उंडे, खीर. रस्त्यानं जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. अशा दिवशी दिवेलागणीला बंकट दिसेनासा होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्याच विहिरीत सापडतो. माणूस पट्टीचा पोहणारा.

त्याची बायको रुक्मीण. बारावी झालेली, मूलबाळ नाही, बचत गटाची सचिव. आता खरी मजा. कथेतला गुप्तहेर संशयितांच्या दारोदार फिरतो. रुक्मिणीला तर उंबरा ओलांडायची मुभा नाही. पण सुतकात सगळं गाव आपल्या पायानं तिच्या ओसरीवर येतं, बसतं, रडतं, चहा पितं आणि बोलतं. ती पदर पुढं ओढून खाली बघत ऐकते आणि रात्री बचत गटाच्या वहीत उतरवते. रकाने तेच : नाव, येणे, देणे, शेरा.

आणि बंकट कशानं मेला याचं प्रत्येकाचं उत्तर तयार आहे. सासऱ्याला 'अटॅक' पाहिजे, म्हणजे पोरगं फाडायला नको. दिराला 'पाय घसरला' पाहिजे, कारण शेतकरी अपघाताचे २ लाख. सोसायटीच्या चेअरमनला वाटतं कर्जापायी केलं म्हणावं, म्हणजे थकबाकीचा विषय मागं पडेल. फक्त रुक्मिणीला खरं काय ते पाहिजे, आणि त्यामुळं ती सगळ्यांना अडचण वाटायला लागते.

विचारायचं एवढंच : हे सगळं प्रत्यक्षात बसतं का? आणि विधवेवर विनोद करतोय असं तर वाटणार नाही ना?

---

उदगीरी

बसतं की. आमच्याकडं भेटायला आलेला माणूस पहिली पाच मिनिटं रडतो आणि नंतर तासभर जमिनीचे भाव सांगतो. पहिला प्रतिसाद माझा, पुस्तक फुकट पाहिजे.

---

कोथरूडची_काकू

कल्पना छान, पण मला जरा अवघडल्यासारखं झालं. मराठवाडा आणि शेतकऱ्याची विधवा म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं, त्यावर हसायचं कसं? हा विनोद बाहेरून आणून चिकटवल्यासारखा वाटेल अशी भीती वाटते.

---

गोदामाय

काकू, बाहेरून कशाला आणायचा? पैठण मराठवाड्यातच आहे. एकनाथ महाराजांच्या भारुडातली सून भवानीआईला रोडगा कबूल करते आणि त्या बदल्यात सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं पोर, एकेकाचा निकाल लावायला सांगते. शेवटी नवऱ्याचीच आहुती द्यायला निघते. सोळाव्या शतकातलं आहे हे. आमच्या नांदेडकडं कीर्तनात बुवा ते म्हणतात तेव्हा सर्वांत जोरात सासवाच हसतात. त्याचा आध्यात्मिक अर्थ आहेच, पण हसू आधी येतं आणि अर्थ मागून.

तेरणाकाठ, तुम्हाला एकच सांगते. रुक्मिणीला रडू द्या. पहिल्या दिवशी खरंखुरं रडू द्या, बंकट तिला आवडत होता असं असू द्या. मग पुढं तिनं काहीही केलं तरी वाचणारी तिच्या बाजूनं राहील. नवरा मेल्याचा आनंद झालेली नायिका दोन पानांत शिळी होते.

---

निवृत्त_जमादार

नोकरी याच भागात गेली, म्हणून लिहितो.

विहिरीत प्रेत म्हटल्यावर 'अटॅक' म्हणून परस्पर उरकता येत नाही. पोलीस पाटील कळवतो. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. कथा आजची असेल तर जुनं कलम घालू नका, वाचक पकडतील. अंमलदार जागेवर येतो, गावातले दोन तरी पंच घेऊन मरणोत्तर पंचनामा करतो. अंगावरचे कपडे, खिशातल्या वस्तू, जखमा, विहिरीची खोली, पायऱ्या, काठावरची चप्पल, सगळं लिहितात. मग प्रेत शवविच्छेदनाला. नातेवाइकांना ताबा पावतीवर सही करून मिळतं.

तुमच्या कामाची गोष्ट : पंच कोण? पंच व्हायला कुणी तयार नसतं, कोर्टाच्या चकरा नकोत म्हणून. जो हौसेनं पुढं येतो त्याच्याकडं जुना जमादार दोनदा बघतो. तुमच्या कथेत पंच नंबर दोन कोण आहे ते ठरवा, अर्धी कादंबरी तिथंच सुटेल.

---

तेरणाकाठ

जमादारसाहेब, हे सोनं आहे. पंच नंबर दोन ठरला. सांगत नाही.

गोदामाय, बंकट तिला आवडत होता. थोडा उधळ्या, थोडा फेकाडा, पण येळवशीला तिच्यासाठी रानातून बोरं खिशात घालून आणणारा. पंचनाम्यात खिशातल्या वस्तूंमध्ये बोरं निघाली तर? म्हणजे तो जीव द्यायला निघालेला माणूस नव्हता, हे फक्त तिला कळेल.

---

गोदामाय

आता मला रडवलंत. हे ठेवा.

---

आंबीलप्रेमी

वैद्यकीय बाजू मी बघतो. बुडून मेलेला आणि मेल्यावर पाण्यात टाकलेला, यात फरक शोधायचा प्रयत्न होतो. नाकातोंडाशी बारीक फेस, फुप्फुसं फुगलेली, मुठीत चिखल किंवा शेवाळ, ही जिवंतपणी बुडाल्याची लक्षणं. पण नेहमी सगळी मिळतीलच असं नाही. शंका असली की डॉक्टर मृत्यूच्या कारणावरचं मत राखून ठेवतात आणि व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, तपासायला पाठवतात. ते प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. अहवाल यायला महिने लागू शकतात. म्हणजे तेरवीच्या आत निकाल येऊन खुनी सापडला असं दाखवू नका. पण 'मत राखून ठेवलं' या तीन शब्दांनी ओसरीवरच्या माणसांची जी चुळबुळ होईल, ती तुम्हाला फुकट मिळते.

आणखी एक. आंबिलीतून विष वगैरे आणू नका. एकाच मडक्यातून चाळीस माणसं पितात. त्यातला एकच मेला तर ते रहस्य नाही, चमत्कार आहे.

---

उदगीरी

आंबिलीची बदनामी टळली. आभारी आहे.

---

उदगीरी

आता गंभीर मुद्दा. घर कुठल्या समाजाचं घेताय? आमच्याकडं लिंगायत घरं भरपूर. त्यांच्यात दहन नाही, दफन असतं, बसवून. रहस्यकथेला हे फार सोयीचं. जाळलं की पुरावा गेला. पुरलं असेल तर पुढं शंका आल्यावर तहसीलदारासमोर उकरून पुन्हा तपासणी करता येते. विचार करा, मध्यंतराला थेट समाधी उकरण्याचा प्रसंग. सगळं गाव बांधावर, तहसीलदाराची जीप चिखलात रुतलेली, आणि ट्रॅक्टर कुणी आणायचा यावरून भांडण.

---

तेरणाकाठ

मोह होतोय. पण मग दहाव्याचा कावळा जातो. आणि माझा सगळा चौथा अंक कावळ्यावर आहे.

प्रसंग असा. तेरणेच्या काठी पिंड ठेवलाय. कावळा समोरच्या बाभळीवर बसलाय, खाली येत नाही. भटजी घड्याळ बघतायत, पुढं दुसरीकडं जायचंय. मग रिवाजाप्रमाणं एकेक जण हात जोडून पुढं होतो. दीर म्हणतो, 'दादा, वहिनीला अंतर देणार नाही.' कावळा ढिम्म. चेअरमन म्हणतो, 'बंकटराव, सोसायटीचं आम्ही बघून घेऊ.' कावळा मान फिरवतो. आत्या, म्हणजे सासू, म्हणते, 'लेकरा, तुझ्या आवडीचं गोडाचं करीन.' काही नाही. मग मागून एक माणूस पुढं येतो, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटतो, आणि कावळा झपकन खाली येऊन पिंडाला शिवतो. सगळे सुटलो म्हणून चपला शोधायला लागतात. बाईमाणूस म्हणून लांब उभी केलेल्या रुक्मिणीला ते शब्द ऐकू आलेले नाहीत. पण ओठ हलताना दिसलेत.

हे सोडून समाधी उकरू?

---

आंबीलप्रेमी

नका उकरू. व्हिसेरा आधीच राखून ठेवलाय ना? मग जाळलं तरी तपासाचा धागा शिल्लक आहे. कावळा ठेवा.

---

उदगीरी

हरलो. ट्रॅक्टर परत नेतो.

---

कोथरूडची_काकू

कावळ्याचा प्रसंग वाचून घरात मोठ्यानं हसले. माझी हरकत मागं. पण एक विचारते, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं वगैरे दाखवणार का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनानंही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. आजची कथा असेल तर हे रुक्मिणीला ठाऊक असणार. बचत गटाची सचिव आहे ती.

---

तेरणाकाठ

ठाऊक आहे, आणि तिनं ग्रामसभेत विषय काढलाही होता. 'पुढच्या बैठकीत बघू' असा शेरा पडला. त्यामुळं प्रसंग आला तेव्हा ठराव नाही. ती काय करते ते लिहून झालंय, टाकतो :

चुलतसासू वरवंटा घेऊन पुढं सरली. चार बायांनी रुक्मिणीला धरलं. रुक्मिणीनं हात मागं घेतला.

'हात लावू नका. बांगड्या पंचनाम्यात लिहिल्यात.'

'कशात?'

'पंचनाम्यात. फुटल्या तर सगळ्यांना औशाला जबाबाला जावं लागंल. धरणाऱ्यांना सुदिक.'

धरलेले चार हात एकदम सुटले. चुलतसासूनं वरवंटा पदराखाली घेतला आणि विचारलं, 'ह्यो बी लिहिलाय का गं?'

---

गोदामाय

😂😂 'ह्यो बी लिहिलाय का गं'

---

निवृत्त_जमादार

बायकोच्या बांगड्या मरणोत्तर पंचनाम्यात कुणी लिहीत नाही. पण हे गावाला माहीत नसतं, आणि मी असतो तर सांगितलंही नसतं. राहू द्या.

---

भूमिपुत्र९३

औसा तालुका, तेरणाकाठ म्हणजे आमचाच पट्टा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे जे झालं त्यानंतर आमची गावं जुन्या जागेवरून उठून नव्या जागी गेली. कथेत त्याचा उल्लेखही दिसला नाही. पन्नाशीच्या माणसानं 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' असं न म्हणता एक दिवस काढलेला मी तरी पाहिला नाही. लिहिणार असाल तर नीट लिहा. विनोदासाठी वापरू नका.

---

तेरणाकाठ

उल्लेख मुद्दाम केला नव्हता, धाग्यात सगळं सांगायचं नव्हतं. गाव पुनर्वसितच आहे. सरळ रेषेतले रस्ते, एका मापाची घरं, वाडा जाऊन वाट्याला आलेल्या दोन खोल्या. सासऱ्याचं सगळं चित्त अजून जुन्या गावठाणात आहे. तिथली दगडमाती, चिंच, पडका बुरूज. तो रोज संध्याकाळी तिकडं जाऊन बसतो. यावर एकही विनोद नाही. तुम्ही मसुदा वाचाल का?

---

भूमिपुत्र९३

पाठवा. वाचतो.

---

चावडी

उशिरा आलो. महसुलातला माणूस आहे, तलाठी म्हणा किंवा आताचं नवं ग्राम महसूल अधिकारी म्हणा. इथं सगळे प्रेताभोवती जमलेत, सातबाऱ्याकडं कुणी बघितलं नाही.

आधी ते २ लाख. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. बुडून मृत्यू बसतो, सर्पदंश बसतो, वीज बसते, आणि दिराला सांगा, खूनही बसतो. बसत नाही ते नैसर्गिक मरण आणि आत्महत्या. नशेत असताना झालेला अपघातही बसत नाही, म्हणजे येळवशीला बंकटबरोबर कोण 'बसलं' होतं हे दीर मरेपर्यंत सांगणार नाही. आणि यादीतलं सर्वांत गोड कलम : जवळच्या लाभधारकानं केलेला खून बसत नाही. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी कार्यालयात.

चेअरमन म्हणतो तशी आत्महत्या धरली तर वेगळी मदत आहे, १ लाखाची. ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. त्याला समितीपुढं पात्र ठरावं लागतं, कर्ज, नापिकी, वसुलीचा तगादा असं सगळं दाखवावं लागतं. म्हणजे तगादा कुणी लावला हे चेअरमनला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल. तो सांगणार नाही. त्याचा तिथंच पोपट होतो.

आता वारस. जमीन वाटणी होऊन बंकटच्या एकट्याच्या नावावर आहे असं धरतो. मूलबाळ नाही, मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायदा १९५६, वर्ग १ चे वारस : बायको आणि आई. निम्मं-निम्मं. बापाला काही नाही. हो, बाप वर्ग १ मध्ये नाहीच. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस चावडीवर लागते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. त्या नोटिशीवर सुनेचं आणि बायकोचं नाव बघून सासरा मटकन खाली बसतो, हा प्रसंग मी डोळ्यांनी बघितलेला आहे. तुम्हाला कल्पना लढवायची गरज नाही.

पुढं ऐका. त्याच कायद्याचं कलम २५ : खून करणाऱ्याला मेलेल्याचा वारसा मिळत नाही. म्हणजे सासूनं केलं असं ठरलं तर सगळं रान रुक्मिणीचं. रुक्मिणीनं केलं असं ठरलं तर सगळं सासूचं. एका चुलीवर भाकरी थापणाऱ्या दोन बाया, आणि दोघींना एकमेकींवर नजर ठेवायला सरकारी कारण.

---

आंबीलप्रेमी

आणि दोघीही अडकल्या तर?

---

चावडी

मग वर्ग १ मध्ये कुणी उरत नाही. वर्ग २ उघडतो. पहिली नोंद : बाप.

---

गोदामाय

आई गं.

---

उदगीरी

थांबा थांबा. रोज संध्याकाळी जुन्या गावठाणात जाऊन बसणारा सासरा??

---

कोथरूडची_काकू

ज्याला 'अटॅक' हवा होता आणि पोरगं फाडायला नको होतं तो!

---

निवृत्त_जमादार

पंच नंबर दोन कोण होता, धागाकर्ते? बापाला कुणी पंच करत नाही. पण त्याच्या पंगतीतला म्हातारा चालतो.

---

तेरणाकाठ

मंडळी, तुम्ही माझ्या कादंबरीचा तेराव्याच्या आत तेरावा घातला. वर्ग २ ची नोंद माझ्या टिपणात होती. वाटलं होतं कुणी तिथवर जाणार नाही. धाग्यावर खरा तलाठी निघाला.

सासऱ्यानं मारलं असं मी कुठं म्हटलेलं नाही, एवढं ध्यानात ठेवा. दोघींवर संशय जावा म्हणून धडपडणारा माणूस आणि खुनी माणूस एकच असतो का? चौथ्या अंकात ओठ कुणाचे हलले तेही सांगितलेलं नाही.

चावडीसाहेब, सासू-सुनेचं तुम्ही लिहिलंत त्यावरून पाचवं प्रकरण सगळं फिरवलंय. दोघी एकमेकींवर पाळत ठेवायला म्हणून शेजारी झोपायला लागतात. रात्री दिवा मालवल्यावर :

'आत्या, झोपलाव का?'

'तू झोपल्याबिगर मी कशी झोपू?'

'मी नव्हं केलं.'

'मला काय म्हाईत.'

'तुमी केलं का?'

बराच वेळ काही नाही. मग, 'त्याला न्हानपणी हिरीत पवायला म्या शिकिवलं. कमरंला पांगाऱ्याचं बिंडं बांधून. त्यो बुडतोय व्हय.'

इथून पुढं तपास दोघींचा.

---

भूमिपुत्र९३

मसुदा मिळाला, जुन्या गावठाणाची पानं वाचली. दोन ठिकाणी खुणा केल्यात. पडझडीच्या यादीत देवळाचं नाव आलं पाहिजे, आमच्याकडं माणसं पत्ता अजून त्या देवळावरूनच सांगतात. बाकी ठीक आहे. सासरा मला तरी खुनी वाटत नाही.

---

उदगीरी

मला चेअरमन वाटतो. आमच्याकडं काहीही झालं तरी चेअरमनच निघतो.

---

चावडी

अंदाज चालू द्या. तेरणाकाठ, एक तांत्रिक गोष्ट राहिली. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो, आणि तो रुक्मिणी देते की सासू, हे कथेत स्पष्ट करा. अर्जासोबत मृत्यूचा दाखला लागतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, ती ग्रामपंचायतीत होते. दाखला कुणी आणला, त्या दिवशी तिथं दुसरं कोण आलं होतं आणि बंकटच्या नावानं आणखी एक दाखला आधीच कोण घेऊन गेलं होतं, हे विचारायला तिला सुतक फिटल्यावर कुणाची परवानगी लागत नाही.

---

तेरणाकाठ

'आणखी एक दाखला आधीच कोण घेऊन गेलं होतं.' चावडीसाहेब, फोन नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.